मी राखण-तीन आहे

श्रावणात मी मल्लूमामाला भेटायला इचलकरंजीला गेले, तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरली होती. मधली तीन बोटं यंत्रमागानं नेली होती. गौरामामी त्याला भात भरवत होती आणि जात्यावर बसल्यासारखी एका लयीत पुटपुटत होती.

पाच बोटं पाच भावंडं, एका ताटात जेवली
तिघं गेली दूरदेशा, दोन राखणीला ठेवली

"गप गं," मामा म्हणाला. "पोरगी आलीया लांबनं, आन् तू काय रडगाणं लावलंयस."

"रडत न्हाई. भरवतीया," मामी म्हणाली आणि पुढचा घास त्याच्या तोंडाशी नेला.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला मामानं वाढवलं. त्याची ती तीन बोटं मला माझ्या बोटांपेक्षा जास्त ओळखीची होती. तुटलेला धागा तो असा जोडायचा, की गाठ कुठं पडली ते कापडाला कळायचं नाही. चौतीस वर्षं त्यानं माग चालवले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अन् आता त्याच्या उशाशी एक पत्र होतं. कारखान्याला कंपनीनं पाठवलेलं, कारखान्यानं मामाला दिलेलं.

'कामगाराने सुरक्षायंत्रावर परकी वस्तू बांधून त्याच्या कार्यात अडथळा आणला. सबब अपघातास तो स्वतः जबाबदार आहे.'

"परकी वस्तू म्हणजे काय, मामा?"

मामानं मान खाली घातली. "हळकुंड. खोकं नवं बसवलं तवा बांदलं व्हतं. नवी वस्तू, म्हनून. कडंला बांदलं व्हतं गं, डोळ्यावर न्हाई." मग लहान मुलानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "रेवा, त्यानंच झालं असंल का गं?"

त्या प्रश्नाचा राग मला अजून आहे. बोटं गेलेल्या माणसाला त्यांनी स्वतःवरच संशय घ्यायला लावलं होतं.

ते खोकं, ती 'राखण', ज्या कंपनीनं बनवली, त्याच कंपनीत पुण्यात मी अकरा वर्षं नोकरी करत होते.

*

राखण म्हणजे मागावर बसवलेली टिफिनच्या डब्याएवढी पेटी. तिला एक डोळा असतो. माणसाचा हात धोक्याच्या जागी आला की ती मागाला थांबवते. २०३७ साली सरकारनं ती प्रत्येक यंत्रमागाला सक्तीची केली, तेव्हा मी मामाला फोन करून म्हटलं होतं, "आता तुझ्या हाताची काळजी मी घेतली बघ." त्या पेटीतल्या प्रोग्रॅमचा एक तुकडा मी लिहिला होता ना! फार मोठा नाही. रोज सकाळी पेटीनं स्वतःचं नाव मुख्य कार्यालयाला कळवायचं, एवढाच.

ते नाव कसं कळतं, ते सांगते. पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या हातात शब्दांची एक यादी येते. ती यादी त्याला सुरू करणारा देतो. यादीतला अगदी पहिला शब्द म्हणजे प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव, असा रिवाज आहे. लक्षात घ्या, रिवाज. सक्ती नाही. सुरू करणारा तिथं हवं ते नाव घालू शकतो, आणि प्रोग्रॅम बिचारा तेच खरं धरून चालतो. मी नोकरीला नवी होते. मी तो पहिला शब्द उचलला आणि पुढं पाठवला. 'मी राखण-तीन आहे.' एका ओळीचं काम, चहा गार व्हायच्या आत झालेलं.

खरं उत्तर दुसरीकडं असतं. यंत्राच्या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. कोणती फाइल कुठल्या कप्प्यातून उचलून चालवायला घेतली, हे त्याला पक्कं माहीत असतं, कारण उचलली त्यानंच. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी तो एक दुवा राखून ठेवतो. त्या दुव्याला विचारलं की फाइलचं नाव आणि ठिकाण दोन्ही मिळतं. तिथं कुणाचं सांगणं चालत नाही.

मी त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

इचलकरंजीहून परत आल्यावर मी मामाच्या सात नंबरच्या मागाची नोंद काढली. अपघाताच्या सकाळीसुद्धा पेटीनं सांगितलं होतं, 'मी राखण-तीन आहे.' सरकारी चाचणीतून पास झालेला प्रोग्रॅम तोच. तो एका सेकंदात चाळीस वेळा बघतो. चाळीस वेळा बघणाऱ्याच्या समोरून हात जातोच कसा? मग माझी नजर दुसऱ्या एका आकड्यावर गेली. त्या सकाळी प्रोग्रॅमनं यंत्राच्या स्मृतीतली जी जागा अडवली होती, ती राखण-तीनला लागते त्याच्या तिसरा हिस्सा होती. हत्तीचं नाव सांगून आत शेळी बसली होती.

मी कंपनीचं सगळं भांडार धुंडाळलं. दुसरा कुठलाच प्रोग्रॅम सापडला नाही. पेट्यांमध्ये दुरून डोकावून पाहिलं, तर प्रत्येकीत राखण-तीनचीच फाइल नीट बसलेली होती. फाइलवरची तारीख मात्र अपघातानंतरची. आणि गाभ्याचा तो दुवा दुरून वाचता येत नाही, त्यासाठी पेटीला केबल जोडावी लागते.

ह्या शोधात भाद्रपद सरला. आणि घट बसले त्या दिवशी, आमचे सेवा-व्यवस्थापक नितीश वाळिंबे यांनी इचलकरंजीच्या सगळ्या मागवाल्यांना एक संदेश पाठवला. मी तो चार वेळा वाचला. पाचव्यांदा वाचताना माझे कान तापले.

'खंडेनवमीला आपण यंत्रांना विश्रांती देतो. यंदा राखणलाही विश्रांती द्या. पूजेआधी पेटीचं बटण बंद करा, पूजेनंतर चालू करा. सणाच्या शुभेच्छा.'

खंडेनवमीला सगळं गाव माग धुऊन-पुसून थांबवतं, त्यांना हळदकुंकू वाहतं, त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेत नाही. पण आजवर पेटी कुणी बंद केली नव्हती. तिची स्वतःची बॅटरी असते, वीज गेली तरी ती जागी राहते. आणि ती दुरून बंद करता येत नाही. माणसाच्या हातानंच बटण दाबायला हवं, अशी सरकारची अट आहे.

आलं लक्षात? फाइल दुरून पुसता येते. दुसरी फाइल तिच्या जागी ठेवता येते. पण जो प्रोग्रॅम चालू आहे तो चालूच राहतो. त्याची फाइल पुसली तरी गाभा त्याला घराबाहेर काढत नाही. फक्त दुव्यावर त्याच्या मूळ पत्त्यापुढं एक शब्द जोडतो, 'डिलीटेड'. पेटी एकदा बंद करून चालू केली, की खोटा प्रोग्रॅम मरतो, खरा जागा होतो, आणि काही घडलं होतं याची खूणसुद्धा उरत नाही.

मामाच्या हळकुंडाला ज्यांनी परकी वस्तू ठरवलं, त्यांना पुरावा पुसायला मामाचाच सण चालला.

*

आठव्या माळेला मी इचलकरंजीत उतरले. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी कामगार कार्यालयात मामाची सुनावणी होती. त्याआधी मला एक तरी पेटी हवी होती, जी श्रावणापासून बंद झालेली नाही. एकच.

दिवसभर मी कारखान्यांतून फिरले. वर्षभरात आणखी नऊ जणांचे हात गेले होते. नऊ जणांना तेच पत्र मिळालं होतं, तेच शब्द. कुणी पेटीवर लिंबू-मिरची बांधली होती, कुणी काळा दोरा, एकानं मुलीची जुनी रिबीन. सगळ्या परक्या वस्तू! जिथं गेले तिथं माग आंघोळ करून बसलेले, पेट्या विझलेल्या.

"कंपनीचा मेसेज व्हता न्हवं," लोक म्हणायचे. "आमी कालच बंद केलं. तुमच्याच कंपनीनं सांगितलं की ओ."

नवव्या माळेच्या सकाळी मी मामाच्या उंबऱ्यात बसून होते. मामी शेजारणीकडं फुलं द्यायला गेली होती, ती पदराला हात पुशीत परत आली.

"त्या पार्वताक्काचं डोस्कं फिरलंय बाई," ती मामाला म्हणाली. "जॉबर आलता मागाचं काम बगायला. खोकं बंद करा म्हनला, तर त्याच्या अंगावर धावून गेली. म्हनं, घट उठल्याबिगर माज्या घरातला दिवा इझायचा न्हाई."

मी उठून उभी राहिले. "कुठला दिवा?"

"खोक्याचा गं. त्यो हिरवा."

*

पार्वताक्का सत्तरीची. पुढच्या सोप्यात चार माग, आत देवघर. नवरा गेल्यावर तिनं ते माग एकटीनं चालवले, पोरं शिकवली, ती नोकरीला लांब गेली. घटासमोर समई तेवत होती आणि सोप्यातल्या चौथ्या मागावर पेटीचा हिरवा ठिपका.

"बाकीच्या तीन जळाल्या उन्हाळ्यात, लाइट कमीजास झाली तवा," ती म्हणाली. "ही एकटी टिकली. घटाच्या दिसांत घरातलं पेटलेलं काय बी आपुन हातानं इझवत न्हाई. कंपनीला काय कळतंय?"

मी जमिनीवरच बसले. तिला सगळं सांगितलं. नाव कसं खोटं दिलं, खरं ठिकाण गाभ्याला कसं ठाऊक असतं. तिला कितपत समजेल याची मला खात्री नव्हती. ती ऐकत ऐकत वाती वळत होती.

"म्हंजे सासरी तांदळात नाव लिवत्यात, तसंच की," ती म्हणाली. "मी मांगूरची यमुना. हितं आले तर ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं, पार्वती. दुसऱ्या दिसापास्नं मी बी तेच सांगाय लागले. कुणी इच्यारलं तर पार्वती. चौपन्न वर्सं झाली."

"आणि यमुना?"

"ती काय कुठं जातीया?" वात दिव्यात ठेवत ती म्हणाली. "माज्या आईला ठावं व्हतं, मी कुटनं आले त्ये. तुज्या त्या गाभ्याला बी तसंच ठावं असंल."

मी एकटीनं दुवा वाचला असता तर कंपनी म्हणाली असती, भाचीनंच घातलं आत. साक्षीदार हवा होता. कामगार कार्यालयाच्या निरीक्षक अल्मास मुजावर यांना मी फोन लावला. त्या रुक्ष आवाजात म्हणाल्या, "चारला येते. तोवर कुणी हात लावू नका. तुम्हीसुद्धा."

साडेतीनला दारात गाडी थांबली. मुजावरबाई नव्हत्या. नितीश वाळिंबे होते.

मला नवल वाटलं नाही. मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर साऱ्या गावात एकच ठिपका जुना राहिलेला दिसत असणार.

"रेवती, तू इथं?" ते हसले. "रजेवर आहेस ना?"

"मामाकडं आलेय."

"हं. वाईट झालं त्यांचं. मला समजतं गं." मग पार्वताक्काकडं वळून गोड आवाजात, "आजी, जरा बाजूला होता का? एवढी पेटी बंद करून चालू करतो. दोन मिनिटं."

"हात लावून बग," पार्वताक्का म्हणाली. ती मागासमोर उभी राहिली, कमरेत वाकलेली, हातात तेलाची पळी. "घट बसल्यात घरात."

"आजी, तो दिवा नाही. एलईडी आहे."

"तुज्या घरी असंल येलईडी. हितं दिवा हाय."

वाळिंबे माझ्याकडं वळले. हसू गेलं होतं. "रेवती, समजून घे. कापसाची कुसं उडाली तरी माग थांबायचे. दिवसात शंभरदा. मालक पेट्या परत करायला निघाले होते. आम्ही फक्त थोडं सैल केलं."

"चाळीसचे किती केले?"

ते गाडीच्या किल्लीशी चाळा करू लागले.

"किती, सर?"

"चार."

सेकंदात चार वेळा. पाव सेकंदात एकदा. तेवढ्या वेळात माग आपला फेरा पुरा करून दुसऱ्याला निघालेला असतो. मामाचा हात धागा जोडायला आत गेला तेव्हा राखणचा डोळा मिटलेला होता, आणि वर तिनं सकाळी छाती काढून सांगितलं होतं, मी राखण-तीन आहे.

"सैल केलं तर केलं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि मी तो खाली आणला नाही. "मग नाव का तेच ठेवलंत? नवा प्रोग्रॅम, नवं नाव, नवी चाचणी! आणि हात गेल्यावर हळकुंडाला धरलंत? लिंबाला? पोरीच्या रिबिनीला? दहा माणसं घरात बसून स्वतःच्या हाताला शिव्या देतायत, सर. माझा मामा मला विचारतो, त्यानंच झालं का गं!"

वाळिंब्यांनी आवाज अगदी खाली आणला. "नावाची ती ओळ कुणाची आहे, रेवती? कुणी लिहिली? पहिला शब्द उचलून पाठवणारी? चौकशीत पहिलं नाव तुझं येईल. अकरा वर्षं घालवलीस इथं. विचार कर."

"माझी आहे," मी म्हणाले. "मीच सांगणार आहे."

त्यांनी पुढं पाऊल टाकलं. पार्वताक्कानं पळी उचलली. तेवढ्यात दाराशी स्कूटर लागली आणि हेल्मेट काढत मुजावरबाई आत आल्या. त्यांनी एकदा वाळिंब्यांकडं पाहिलं, एकदा पळीकडं.

"तुम्ही कंपनीचे का? बरं झालं. बसा. पंच म्हणून सही लागेल."

मी केबल जोडली. आधी त्यांच्या समोर पेटीला तिचं नाव विचारलं. ती बिनदिक्कत म्हणाली, राखण-तीन. मग गाभ्याला विचारलं.

पडद्यावर एक पत्ता उमटला. सेवेच्या कप्प्यात, टिंबानं सुरू होणाऱ्या नावाचा एक लपवलेला कप्पा, आणि त्यात एक फाइल. तिचं नाव 'तेज-एक'. आणि त्यापुढं एक शब्द, डिलीटेड.

"पुसलीय म्हणता, तर चालतंय कसं?" मुजावरबाईंनी विचारलं.

"यादीतून नाव काढलंय, मॅडम. चालणारा थांबेपर्यंत गाभा ती फाइल सोडत नाही. ह्याच दुव्यावरून ती अख्खी बाहेर काढता येते."

"काढा."

काढली. बाईंनी तिच्यावर मोहोर उमटवून घेतली, पंचनामा लिहिला, वाळिंब्यांची सही घेतली. पार्वताक्कानं सही करताना विचारलं, "कंचं नाव लिवू?"

"जे कागदोपत्री आहे ते लिहा, आजी," बाई म्हणाल्या.

सही झाल्यावर पार्वताक्कानं सगळ्यांना पुरणपोळी खायला घातली. वाळिंब्यांनाही. ते नको म्हणाले तर म्हणाली, "सणाचं उपाशी जाऊ नगंस. भांडन येगळं, पोट येगळं."

*

सुनावणीच्या दिवशी मी माझं निवेदन आधी दिलं. ओळ माझी, चूक माझी, तीन पानांत. राजीनामा मागितला जाणारच होता, तो मी सोबत जोडला. मामा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवून. बाकीचे नऊ जण बाहेर व्हरांड्यात.

कंपनीचे वकील मऊ बोलणारे होते. तेज-एक नाकारायची सोय त्यांना उरली नव्हती. त्यांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. कंपनी जबाबदारी घेत आहे, कामगारावरचा ठपका मागं घेत आहे, भरपाई नियमाप्रमाणं. "मल्लाप्पा हावळ यांनी सही केली की आजच मिटलं."

मुजावरबाईंनी कागद मामापुढं ठेवला. मामा पेनाला शिवला नाही.

"वाच गं, रेवा. काय लिवलंय?"

मी वाचलं. "सदर अपघात प्रणालीतील तांत्रिक त्रुटीमुळे घडला."

"म्हंजे?"

"म्हणजे यंत्रात चूक झाली."

मामा उठून उभा राहिला. सोग्यातून त्यानं उजवा हात बाहेर काढला आणि टेबलावर, कागदाच्या शेजारी ठेवला. अंगठा, करंगळी, मध्ये रिकामं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं तो चार माणसांत दाखवला.

"चूक माज्या भाचीनं केली," तो म्हणाला. "पोरगीनं लिवताना चुकलं, तिनं कबूल केलं. तिच्यावर माजा राग न्हाई. तुमी चुकला न्हाई, सायेब. तुमी नाव बदलून घातलं. मी चौतीस वर्सं कापड इणतोय. धागा तुटला की तुटला म्हनतो. कापला की कापला म्हनतो. ह्ये कापलंय."

"भाषेचा प्रश्न आहे, मल्लाप्पा, आशय तोच..." वकील बोलू लागले.

"मंग बदला की, आशय त्योच हाय तर."

व्हरांड्यातले नऊ जण दारात येऊन उभे राहिले होते. मुजावरबाईंनी पेनाचं टोपण काढलं, 'तांत्रिक त्रुटी' ह्या शब्दांवर एक आडवी रेघ मारली आणि कागद वकिलांकडं सरकवला. "तुम्ही सांगा. मी लिहिते. किंवा लिहू नका, मग हे फौजदारीकडं जाईल, आणि तिथं दुसरेच शब्द असतात."

वकिलांनी फोन केला. बराच वेळ चालला तो फोन. परत आले तेव्हा त्यांनी एकेक शब्द दात उपटल्यासारखा बाहेर काढला, आणि बाईंनी तो रेघेच्या वर बारीक अक्षरात लिहिला.

"आता वाच," मामा मला म्हणाला.

"सदर अपघात, चाचणी न झालेला प्रोग्रॅम चाचणी झालेल्याच्या खोट्या नावानं जाणूनबुजून चालवल्यामुळे घडला."

"जानूनबुजून," मामा म्हणाला. तो शब्द त्यानं दोनदा म्हटला. मग दारातल्या नऊ जणांकडं पाहिलं. "आन् हेंच्या कागदावर बी ह्येच?"

"प्रत्येकाच्या," मुजावरबाई म्हणाल्या.

"मंग दे पेन."

दोन महिने तो घरी पाटीवर डाव्या हातानं नाव गिरवत होता, हे मला तेव्हा कळलं. अक्षरं वाकडी आली, एकमेकांना धरून चालणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी. पण त्यानं घाई केली नाही. मल्लाप्पा शिवलिंग हावळ. आणि कुणी मागितला नव्हता, तरी त्याखाली त्यानं पत्ता लिहिला. गाव इचलकरंजी, माग नंबर सात.